गुरुवारचं विमान

नाताळच्या दिवशी दुपारी एक वाजता अकरा इंग्रज डोक्यावर कागदाचे मुकुट घालून जेवायला बसले. बाहेर ओमानचं वाळवंट होतं. चारी बाजूंना झाड नाही, घर नाही. नुसती करडी खडी आणि लांबवर तेलाच्या विहिरीचा लोखंडी मनोरा. आत मेसच्या केबिनमध्ये एसी घरघरत होता, खिडकीच्या काचेवर कुणीतरी कापूस चिकटवून बर्फ केला होता आणि टेबलावर मी पहाटेपासून खपून केलेलं जेवण होतं. टर्की, चरबीत भाजलेले बटाटे, पावाचा सॉस, आणि लिंबाएवढे ते कोबीचे गड्डे. त्यांना सगळेच नावं ठेवायचे, आणि केले नाहीत तर पहिली चौकशी त्यांचीच व्हायची.

टेबलाच्या टोकाला हॉलरॉइडसाहेब होता. कॅम्पचा प्रमुख तोच. पंचावन्नच्या आसपासचा, यॉर्कशरचा, उन्हाने मान विटेसारखी लाल झालेला. त्याचा मुकुट जांभळा होता. बाकीचे हसत होते, गात होते. तो खात होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. एरवी पहिला घास घेतला की तो मला शोधून मान हलवायचा. त्या दिवशी त्याने तसं केलं नाही. मला वाटलं, टर्की कोरडी झाली असेल.

पुडिंगवर ब्रँडी ओतून मी काडी लावली. निळी ज्योत उठली, सगळ्यांनी टेबल बडवलं. साहेब उठला आणि म्हणाला, "डिगीसाठी." सगळे उभे राहिले, ग्लास उंचावले. साहेबाने मात्र ग्लास ओठाला न लावताच खाली ठेवला.

"साडेतीनला माझ्या ऑफिसात ये," जाताना तो मला म्हणाला.

मी दिगंबर रेडकर, वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याचा. त्या लोकांना दिगंबर म्हणता यायचं नाही म्हणून डिगी. मुंबईत फोर्टातल्या एका क्लबच्या स्वयंपाकघरात मी बारा वर्षं काढली. तिथला म्हातारा गोवेकर कुक मला साहेबी जेवण शिकवून गेला. त्याच जोरावर त्र्याऐंशी साली मी ओमानला गेलो. मस्कतपासून मोटारीने आठ तास आत हा कॅम्प. आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी, एक लहान विमान यायचं. टपाल, भाजी आणि माणसं उतरवायचं, तासाभरात परत जायचं. बाकी जगाशी संबंध रेडिओचा. मस्कतच्या ऑफिसात कुणाची तार आली की ते लोक ती रेडिओवर वाचून दाखवायचे, आणि आमचा रेडिओवाला कुरियन ती कागदावर उतरवून घ्यायचा.

त्या अकरा जणांना मी जवळून पाहिलं. कामात दगडासारखी माणसं. जेवणापाशी मात्र लहान पोरं. डब्यातल्या गोड घेवड्याचा रस टोस्टमध्ये मुरला नाही तर त्यांचा दिवस वाईट जायचा. पिवळ्या पावडरीचं कस्टर्ड बघून एक आडदांड फोरमन माझ्यासमोर डोळे पुसत बसला होता. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एके दिवशी माझ्या सामानात आईने बांधून दिलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा सापडला, तो मी निखाऱ्यावर भाजला, आणि त्यानंतर हसू यायचं बंद झालं.

हॉलरॉइडसाहेबाची गोष्ट जरा वेगळी होती. त्याची बायको आयलीनबाई दर पंधरवड्याला पत्र लिहायची. पत्राच्या शेवटी एखादा पदार्थ असायचा. साहेब तेवढं पान फाडून मला आणून द्यायचा आणि समजत नसेल तिथे वाचून दाखवायचा. यॉर्कशर पुडिंग मी तसंच शिकलो. आपल्या घावण्यासारखं पातळ पीठ, पण तेल धुरावेपर्यंत तापलेलं हवं, आणि पीठ ओतलं की पंचवीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही. उघडलं की फुगलेलं सगळं बसतं. चीज आणि कांद्याचं सारण भरून भाजलेला 'पाय', साय धरलेली तांदळाची खीर, आणि पार्किन. पार्किन म्हणजे ओट्स, आलं आणि काळा पाक घालून केलेला केक. तो पहिल्यांदा ओव्हनमधून काढला तेव्हा मला आमचं काकडीचं धोंडस आठवलं. पुढच्या वेळी काळा पाक संपला होता, म्हणून मी घरून आणलेली काकवी घातली. साहेबाने ते बायकोला कळवलं. तिचं उत्तर आलं: 'दिगंबरला सांग, काकवी चालेल. आलं मात्र थोडं कमी कर.' दिगंबर असं पूर्ण लिहिलं होतं, स्पेलिंग बरोबर.

त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. पण त्यांचा हात मला माहीत होता. मीठ जपून, जायफळ कमी, लोणी सढळ.

साडेतीनला मी ऑफिसात गेलो. साहेबाच्या डोक्यावर मुकुट नव्हता, पण कपाळावर त्याचा जांभळा रंग उतरला होता.

"बस, डिगी."

"उभा आहे तो बरा आहे, साहेब."

"बस."

मी बसलो. त्याने टेबलाच्या खणातून दोन कागद काढले आणि माझ्यासमोर ठेवले. रेडिओच्या पॅडचे, कुरियनच्या ठळक अक्षरातले. वरच्या कागदावर कालची तारीख होती. 'आई तेवीसला संध्याकाळी वारली. बाबल.' बाबल माझा चुलतभाऊ.

मी तो बाजूला करून खालचा वाचला. 'आई अत्यवस्थ. ताबडतोब निघ. बाबल.'

"हा एकोणीस तारखेचा आहे," मी म्हणालो.

"हो."

"आज पंचवीस."

"हो, डिगी."

एसीचा आवाज येत होता. मला त्या वेळी काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. काही वाटलं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतो, मग गाल आपला राहत नाही, तसं काहीसं. टेबलावर एक स्टेपलर होता, त्याचा एक कोपरा घासून पांढरा झाला होता, ते मला आजही दिसतं.

साहेब बोलत होता. "बदली कुक सत्तावीसच्या विमानाने येणार होता. एकोणीसला मला वाटलं, एक दिवस थांबू, कदाचित दुसरी तार येईल, बरी आहे म्हणून. गुरुवारचं विमान गेलं. मग वाटलं, रविवारी सांगू. रविवारी पोरं कापूस चिकटवत होती. वर्ष वर्ष घर न बघितलेली माणसं. मी ठरवून केलं नाही, डिगी. दिवस गेले."

मी दोन्ही कागद एकावर एक ठेवले.

"मला शिव्या दे," तो म्हणाला. "काहीतरी बोल."

"संध्याकाळचं थंड मांस किती वाजता लावू?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सात."

सातला मी ते लावलं. उरलेले बटाटे आणि कोबी कुस्करून तव्यावर परतले, त्यांना ते आवडायचं. सगळे झिंगून होते, सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरियन स्वयंपाकघरात आला. कोट्टयमचा, पन्नाशीचा, पापभीरू माणूस. रोज रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात एकत्र भात खायचो. एकोणीस तारखेपासून पंचवीसपर्यंतही खाल्ला होता. तो दारातच उभा राहिला.

"कागद साहेबाकडेच द्यायचा, असा नियम आहे," तो हिंदीत म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मुलीचं लग्न ठरलंय."

"बरं," मी म्हणालो.

"काही बोलणार नाहीस?"

"चहा घेणार?"

त्याने घेतला नाही.

गुरुवारच्या विमानाने मी निघालो, शनिवारी शिरोड्याला पोचलो. बाबलने अग्नी दिला होता. अस्थी पिंपळाला बांधलेल्या होत्या. माझी बायको शालन ओसरीवर आली.

"तार मिळाली नाय?" तिने विचारलं.

"उशिरा मिळाली."

तिने मान हलवली. वाळवंटातली जागा, तिला ते पटलं. मग तिने हळूहळू सांगितलं. आई रविवारी दुपारपर्यंत शुद्धीवर होती. आमच्या घरासमोर एसटीचा थांबा. गाडी थांबल्याचा आवाज आला की ती विचारायची, "दिगू इलो?" शालन म्हणायची, येतलो, वाटेर असा. शनिवारी सकाळच्या गाडीला तिने स्वतःच्या हाताने केस नीट केले होते.

मी मनातल्या मनात हिशेब केला होता. विसाव्या तारखेच्या विमानात बसलो असतो तर शनिवारी सकाळच्या त्याच गाडीने उतरलो असतो. हे मी शालनला सांगितलं नाही. दहावं झालं, बारावं झालं, तेरावं झालं. मी सगळं केलं. भटजींनी सांगितलं तिथे पाणी सोडलं, सांगितलं तिथे नमस्कार केला. मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, परदेशात राहून माणूस घट्ट झाला.

फेब्रुवारीत मी परत गेलो. का गेलो, असं पुढे मला एक-दोघांनी विचारलं. घरात दोन मुली होत्या, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. एवढंच उत्तर आहे.

साहेब स्वयंपाकघराच्या दारात आला. "परत आलास."

"हो, साहेब."

"मला वाटलं नव्हतं."

"दुपारी काय करू?"

त्याने दारावरचा हात काढला. "तुला हवं ते कर," म्हणाला आणि गेला.

जेवण तसंच व्हायचं. कुणाला फरक कळला नाही. मला मात्र चव कळेनाशी झाली होती. मीठ चाखून बघायचो, जिभेवर खडा असल्याचं कळायचं, खारट लागायचं नाही. म्हणून मी आयलीनबाईंच्या कागदांवरच्या मापांना धरून राहिलो. अर्धा चमचा म्हणजे अर्धा चमचा. त्यांच्या अक्षरावर माझा संसार चालला होता म्हणा ना. मार्चमध्ये त्यांनी एका पानाच्या शेवटी लिहिलं: 'दिगंबर, तुझ्या आईचं कळलं. फार वाईट वाटलं. निदान बर्नर्ड तिथे आहे, तो तुझ्याकडे लक्ष देईल.' बर्नर्ड म्हणजे साहेब. ते पान त्याने न वाचता फाडून दिलं असावं. किंवा वाचूनही. मी विचारलं नाही. बाईंना तारखा माहीत नव्हत्या, हे उघड होतं.

मग सप्टेंबर आला. त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी दुपारचं जेवण मोठं असायचं. मोठा भाजलेला गोमांसाचा तुकडा, यॉर्कशर पुडिंग, नंतर कस्टर्डबरोबर वाफवलेलं गोड. हे मी करायचो, खायचो नाही. विमान साडेबाराला उतरणार होतं, सव्वाला जाणार होतं.

बाराला वीस मिनिटं असताना कुरियन आत आला. त्याने मागे बघितलं, दार लावलं, आणि एक कागद माझ्या हातात दिला.

"हे काय?"

"वाच."

'आयलीनला झटका. इस्पितळात. स्थिती गंभीर. ताबडतोब ये. डोरोथी.' डोरोथी साहेबाची मेहुणी. वरच्या कोपऱ्यात कुरियनने नेहमीप्रमाणे वेळ टाकली होती, अकरा चाळीस.

"हा साहेबाचा आहे," मी म्हणालो. "मला का?"

"डिसेंबरपासून मी तुझ्याशी नजर मिळवू शकलेलो नाही," कुरियन म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "या वेळी कागद आधी तुझ्याकडे. तू दे. नाहीतर देऊ नकोस. मी कुणाला काही सांगणार नाही."

"नियम?"

"नियम मी एकदा पाळला," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी कागदाची घडी केली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. इथून पुढचं मी नीट सांगतो, कारण नीट सांगावं असं हे एवढंच आहे.

मी ठरवलं नव्हतं. हे मी देवासमोरही म्हणेन. पुडिंगचं पीठ तयार होतं, तेल धुरावत होतं. मी म्हटलं, हे ओतून जातो. ओतलं. आता पंचवीस मिनिटं दार उघडायचं नव्हतं, आणि कुणीतरी येऊन उघडेल म्हणून मी तिथेच उभा राहिलो. साहेब तेव्हा चाळीस पावलांवर त्याच्या ऑफिसात होता. मला त्याचा दरवाजा दिसत होता. बारा वाजून पाच मिनिटांनी पुडिंगं काढली. छान फुगली होती. ती बसायच्या आत वाढायला हवीत, म्हणून मी घंटा वाजवली.

सगळे आले. साहेब आपल्या जागी बसला. मी मांस कापलं, त्याच्या ताटात कडेचा तुकडा घातला, त्याला कडेचा आवडायचा. रस्सा ओतला. माझा हात त्याच्या खांद्यापाशी होता. खिसा त्याच्या कानापाशी.

"आज मस्त झालंय, डिगी," तो म्हणाला. मी परत आल्यापासून तो पहिल्यांदाच जेवणाबद्दल बोलला.

"आभारी आहे, साहेब."

साडेबाराला विमान उतरलं. खिडकीतून धुळीचा लोट दिसला. दोघं टपाल आणायला उठून गेले. मी ताटं उचलली, दुसरी बशी मांडली, कस्टर्ड गरम केलं. कस्टर्ड एकसारखं ढवळायला लागतं, नाहीतर तळाला धरतं. मी ढवळत होतो. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं. पाऊण. एकला दहा कमी. एक. मला वाटत होतं, आता काहीतरी होईल. सूड घेतल्याचं बरं वाटेल, किंवा वाईट वाटेल. काही झालं नाही. कस्टर्ड घट्ट झालं.

मी वाढत असताना विमानाची इंजिनं सुरू झाली. पेले किणकिणले. साहेबाने मान वर करून खिडकीकडे पाहिलं, नुसतंच, सवयीने. विमान धावपट्टीवर पळालं आणि उठलं. आवाज दूर दूर गेला.

"अजून थोडं आहे का?" साहेबाने बशी पुढे केली.

"आहे," मी म्हणालो आणि वाढलं.

दोन वाजता सगळे पांगले. तो एकटाच चहा घेत बसला होता. मी त्याच्यासमोर कागद ठेवला.

त्याने वाचला. परत वाचला. मग त्याची नजर वरच्या कोपऱ्यावर गेली. तिथे ती बराच वेळ थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हललो नाही, नजरही काढली नाही. तो उठला, खुर्ची मागे पडली, आणि तो बाहेर गेला. दहा मिनिटांत जीप निघाली.

पुढचं मला नंतर कळलं. विमानाने गेला असता तर संध्याकाळचं लंडनचं विमान मिळालं असतं. जीप मस्कतला पोचली तेव्हा ते निघून गेलं होतं. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी. आयलीनबाई शुक्रवारी दुपारी गेल्या. तो शनिवारी पोचला.

कुरियनने हे मला रेडिओवर ऐकून सांगितलं. सांगून झाल्यावर तो माझ्या स्वयंपाकघरात खाली बसला आणि डोकं धरून राहिला. "मी असं म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू देशील. तू दिलास की माझ्यावरचं ओझं उतरेल, असं वाटलं."

"मी दिला," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी साहेब परत आला. बारीक झाला होता. पहिले दोन दिवस मेसमध्ये आला नाही. ताट केबिनमध्ये पाठवायचो, ते तसंच परत यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो स्वयंपाकघरात आला आणि बटाट्याच्या पेटीवर बसला. मी कांदा चिरत होतो.

"तुमच्याकडे माणूस गेल्यावर काय खातात?" त्याने विचारलं.

"घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी आणून देतात. पेज, पिठलं, असलं काहीतरी."

"नाताळच्या दिवशी तुला कुणी आणून दिलं?"

"स्वयंपाकी मीच होतो, साहेब."

मी सुरी खाली ठेवली.

"कुरियन कागदावर वेळ लिहितो," तो म्हणाला.

"हो."

"विमान सव्वाला गेलं."

"हो, साहेब."

"ठरवून केलंस?"

"नाही. वेळ गेला."

ते त्याला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पोलिसांना नाही, माझ्या बायकोला नाही, कदाचित देवालाही नाही. त्याने हळूहळू मान हलवली. रागाचा एक शब्द तो बोलला नाही. बोलला असता तर मला चाललं असतं. तो नुसता थकलेला दिसत होता, आणि मला वाटतं, मीही तसाच दिसत असेन.

मी पातेल्यात मूठभर उकडे तांदूळ टाकले आणि पेज केली. वर मीठ, बाजूला लोणच्याची फोड. त्याने लोणचं बाजूला ठेवलं, पेज प्यायला. मीही त्याच्यासमोर बसून प्यायलो. मीठ किती पडलं होतं, मला सांगता यायचं नाही. तो काही म्हणाला नाही, म्हणजे बरोबर असावं.

त्यानंतर साडेतीन वर्षं मी त्याला जेवायला घातलं. सगळं केलं, जे जे बाईंच्या कागदांवर होतं ते. त्याने कधी बदलायला सांगितलं नाही. नवीन पानं येणार नव्हती. तो निवृत्त होऊन यॉर्कशरला गेला, त्याच वर्षी मी शिरोड्याला परतलो आणि बाजारात खानावळ काढली. मासे, भात, सोलकढी. ती अजून चालते. चव परत आली, थोडी थोडी, कधी आली ते सांगता येत नाही.

शालनला मी हे सांगितलं त्याला आता चार वर्षं झाली. धाकट्या मुलीचं लग्न होऊन गेलं होतं, घर रिकामं होतं, दुपारी आम्ही दोघंच परसात काजू सोलत होतो. मी डिसेंबरचं सांगितलं, एकोणीस तारखेचा कागद सांगितला. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "माका वाटलाच होता." इतकी वर्षं तिला वाटत होतं आणि ती बोलली नव्हती. मग मी सप्टेंबरचं सांगितलं. सगळं, पुडिंगपासून विमानापर्यंत. ती पुढ्यातली टरफलं गोळा करत राहिली. तिने मला दोष दिला नाही, बरं केलंत असंही म्हटलं नाही.

मग तिने एकच विचारलं.

"त्या बाईक शुद्ध होती?"

"म्हणजे?"

"इस्पितळात. मरासर, शेवटाक. तिका शुद्ध होती? ती विचारी होती घोवाक, तुमच्या सायबाक?"

मी काजू हातात धरून बसलो. साडेतीन वर्षं तो माणूस रोज माझ्यासमोर जेवला होता.

"माका ठाऊक नाय," मी म्हणालो. "मी कधी विचारूक नाय."